पिन जागेवर होती, हँडल नव्हते

१४ ऑक्टोबर २०१४ रोजी लोहगावला उतरायला निघालेले हवाई दलाचे सुखोई-३० थेऊरजवळ कोसळले. दोघेही वैमानिक पॅराशूटने सुखरूप खाली आले. पण त्यांनी जे सांगितले त्याने हवाई दलाला घोर लागला. हँडल आम्ही ओढलेच नाही, खुर्च्या आपोआप उडाल्या, असे त्यांचे म्हणणे होते. देशातल्या साऱ्या सुखोईंची उड्डाणे थांबवून तपासणी सुरू झाली. रशियन बाजूने मात्र हे म्हणणे मान्य केले नाही.

इजेक्शन सीट ही खुर्ची कमी आणि तोफ जास्त. हँडल ओढले की डोक्यावरची काच फुटते किंवा उडून जाते, खालचा दारूगोळा पेटतो आणि रॉकेट माणसाला खुर्चीसकट वर फेकते. मग एक छोटी छत्री उघडून खुर्ची सावरते, तीच पुढे मोठ्या छत्रीला ओढून काढते आणि माणूस खुर्चीपासून सुटतो. हे सगळे दोन-तीन सेकंदांत. पाठीच्या कण्यावर इतका जबर दाब येतो की वाचलेल्यांचे मणके अनेकदा दुखावतात. १९९९ मध्ये कारगिलच्या लढाईत मिग-२७ मधून बाहेर पडलेले भारतीय वैमानिक नचिकेता यांच्या कण्यालाही मार बसला होता. पुढे ते मालवाहू विमानांकडे वळले.

म्हणजे या यंत्राकडून दोन अपेक्षा असतात: बोलावल्याशिवाय येऊ नये आणि बोलावल्यावर चुकू नये. इंग्लंडमधल्या स्कॅम्प्टनच्या तळावर ८ नोव्हेंबर २०११ रोजी त्या दोन्ही एकाच वेळी मोडल्या.

रॉयल एअर फोर्सच्या रेड ॲरोज या कसरती पथकातले ३५ वर्षांचे फ्लाइट लेफ्टनंट शॉन कनिंगहॅम हॉक विमानात बसून उड्डाणापूर्वीची तपासणी करत होते. विमान जमिनीवर उभे होते. अचानक खुर्ची सुटली आणि त्यांना दोन-तीनशे फूट वर घेऊन गेली. मार्टिन-बेकर कंपनीची ही खुर्ची जमिनीवर उभ्या विमानातूनही माणसाला वाचवता यावे अशाच बेताने बनवलेली. मोठी छत्री उघडली असती तर ते वाचले असते. ती उघडली नाही. ते खुर्चीसकट खाली आदळले.

खुर्ची सुटली कशी? चार दिवस आधीच्या उड्डाणात खुर्चीचा पट्टा हँडलच्या कडीतून गेला होता आणि हँडल आपल्या जागेवरून सरकले होते. खुर्ची चुकून उडू नये म्हणून तिला सुरक्षा पिन असते. पण सरकलेल्या हँडलमध्येही ती पिन आत जात होती! पिन दिसली की बघणाऱ्याचे मन निर्धास्त होते, आणि त्या चार दिवसांत अनेकांच्या नजरेखालून ती खुर्ची तशीच गेली. मला त्या माणसांना बोल लावावासा वाटत नाही. धोक्याच्या स्थितीतही बसू शकणारी पिन ही रचनेतलीच खोट आहे.

छत्री न उघडण्याचे कारण तर त्याहून क्षुल्लक दिसणारे. छोटी छत्री खुर्चीच्या डोक्याशी एका कात्रीसारख्या अडक्याने धरलेली असते. योग्य क्षणी तो उघडला, तरच ती मोकळी होऊन मोठ्या छत्रीला ओढते. तिथल्या बोल्टचा नट प्रमाणाबाहेर आवळला गेला होता. अडका दाबला गेला, तो सुटलाच नाही. घट्ट बसवलेला नट चांगला, ही कोणत्याही कारागिराच्या हाताला लागलेली सवय. इथे मात्र मोकळीक राखण्यातच माणसाचा जीव होता, आणि हे पाना धरणाऱ्या हाताला सांगायला हवे होते.

ते ठाऊक होते कंपनीला. आणि इथेच मला राग आवरत नाही. १९४६ मध्ये स्वतःच्या माणसाला खुर्चीत बसवून उडत्या मीटिअर विमानातून बाहेर फेकण्याची यशस्वी चाचणी घेणारी, हजारो वैमानिकांचे प्राण वाचवणारी ही कंपनी. तिने १९९० च्या सुमारास इतर काही देशांतल्या ग्राहकांना हा नट जास्त आवळण्यातला धोका कळवला होता. ब्रिटिश हवाई दलाला मात्र ते कळवले नाही. लिंकनच्या न्यायालयात तिने गुन्हा कबूल केला आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये तिला ११ लाख पौंडांचा दंड झाला. त्या इशाऱ्यापासून स्कॅम्प्टनच्या सकाळपर्यंतची वीसेक वर्षे ब्रिटनच्या हॉक विमानांवर काम करणाऱ्या हातांना तो नट किती आवळायचा नाही हे कुणी सांगितले नव्हते.