मनाच्या आजाराचे औषध एड्सवर चालेल काय?



ठाण्याचे मनोरुग्णालय आपण ऐकून आहात. ते १९०१ सालचे. त्या काळी भ्रम झालेल्या, कानात आवाज ऐकू येणाऱ्या माणसाला खात्रीने गुण देईल असे औषधच नव्हते. १९५२ साली फ्रान्समध्ये क्लोरप्रोमॅझीन या रोग्यांना देऊ लागले. १९५८ साली बेल्जममध्ये हॅलोपेरिडॉल तयार झाले. पुष्कळ रोगी बरे वाटून घरी परतू लागले.

आता आपण म्हणाल, याचा एड्सच्या विषाणूशी काय संबंध? ऐका तर.

एच. आय. व्ही. हा विषाणू रक्तातील पांढऱ्या पेशीत शिरतो आणि तिलाच राबवून घेतो. ती बिचारी त्याच्यासाठी प्रथिनांची लांबच लांब माळ बनवते. त्या माळेचे नेमके तुकडे पडले, तरच नवा विषाणू पुरा होतो. हे तुकडे पाडणारी कात्री विषाणूची स्वतःची. तिचे नाव प्रोटिएज. कात्रीच्या पात्यांत खडा अडकला तर कापड कापेल काय? असा खडा १९९० साली अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को येथील विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी शोधला. संगणकावर हजारो रसायनांचे आकार त्यांनी त्या फटीत बसवून पाहिले. त्या शोधातून हॅलोपेरिडॉल पुढे आले, आणि परीक्षानळीत त्याने कात्री अडवलीही!

मग औषध सापडले म्हणावे काय? नाही. मेख इथेच आहे. कात्री अडवायला जेवढे औषध लागले, ते नेहमीच्या गोळीने रक्तात उतरते त्याच्या हजारो पट होते. एवढे पोटात गेले तर रोगाआधी रोगीच जायचा. मात्र श्रम वाया गेले नाहीत. आकार पाहून औषध शोधता येते, हे दिसून आले. तीच कात्री अडवणारे सॅक्विनाव्हिर हे वेगळे औषध १९९५ साली अमेरिकेत मान्य झाले.

शिक्षकबंधूंनी हा फरक मुलांना जरूर समजावून द्यावा : नळीत साधले, ते माणसात साधेलच असे नाही.

कल्याणच्या स्टेशनात किंवा डोंबिवलीच्या बाजारात कुणी कानाशी लागून म्हणेल, "अमुक गोळी घे, एड्स जातो." त्याच्या नादी लागू नका. एच. आय. व्ही. मुळासकट काढणारी गोळी अजून नाही; पण त्याला दाबून ठेवणारी औषधे आहेत. १ एप्रिल २००४ पासून ती सरकार मोफत देऊ लागले. रोज, न चुकता घेतली तर माणूस कामधंदा करून संसार चालवतो. मध्येच सोडली की विषाणू पुन्हा डोके वर काढतो.

एखाद्याला दोन्ही दुखणी असतील, तर दोन्हीकडच्या डॉक्टरांना सगळ्या गोळ्या दाखवाव्यात. काही औषधे एकमेकांचा जोर वाढवतात. आपल्या मनाने एकही गोळी सुरू करू नये, बंदही करू नये. शंका असल्यास १०९७ या क्रमांकावर फुकट विचारता येते. विचारण्यात कमीपणा नाही. लपवण्यात मात्र धोका आहे.