औषधाच्या दुकानातली सुई

सप्टेंबर सरत आला की इंग्लंडमधल्या औषधांच्या दुकानांवर फ्लूच्या लशीचे फलक झळकू लागतात. दम्याचा पंप न्यायला आलेल्या माणसाला फार्मासिस्ट सहज विचारतो, ‘यंदाची लस घेतलीत का?’ उत्तर ‘नाही’ आलं, तर आतल्या छोट्या खोलीत काही मिनिटांत काम उरकतं. वयस्कर माणसं, गरोदर स्त्रिया, मधुमेह, दमा किंवा हृदयविकार असलेले, या सगळ्यांना ती मोफत. दुकानाचे पैसे ‘एनएचएस’ ही सरकारी आरोग्यसेवा चुकते करते.

देशभर ही सोय 2015 साली सुरू झाली. फॅमिली डॉक्टरांना ती फारशी रुचली नाही, आणि त्यात नवल नव्हतं. दवाखाने लशीची मागणी कित्येक महिने आधी नोंदवतात आणि टोचणीमागे त्यांना मोबदला मिळतो. पेशंट कोपऱ्यावरच्या दुकानात गेला, तर फ्रिजमध्ये उरलेल्या लशींचं करायचं काय?

पहिल्या हंगामात दुकानांनी सुमारे 6 लाख लशी टोचल्या. 2021-22 मध्ये हा आकडा 48 लाखांच्या घरात पोचला. आकडे डोळ्यांत भरणारे आहेत खरे. पण त्या पहिल्याच हिवाळ्यात 65 वर्षांवरच्यांमधलं लसीकरण जवळपास 73 टक्क्यांवरून 71 वर घसरलं होतं. आदल्या वर्षीची लस पसरलेल्या विषाणूशी नीट जुळली नव्हती. त्याच्या बातम्यांनीही लोकांचा उत्साह मावळला असावा. तरी एकूण टक्का वाढला नाही, म्हणजे दुकानात टोचून घेणाऱ्यांपैकी बरेचजण एरवी दवाखान्यात गेलेच असावेत. 65 वर्षांवरच्यांमधलं लसीकरण 80 टक्क्यांपार गेलं ते कोविडच्या हिवाळ्यात.

मग फार्मासिस्टचा खरा उपयोग कुठे? तर जे डॉक्टरकडे फिरकतच नाहीत, त्यांच्यापाशी. पासष्टीच्या आतल्या, पण जुनाट आजार असलेल्या लोकांत 2015-16 मध्ये लस घेणारे निम्म्याहूनही कमी होते. ही माणसं दवाखाना टाळतात, औषधं मात्र ठरल्या वेळी नेतात. कोण इन्सुलिन घेतं, कोणाचा पंप संपत आलाय, हे दुकानाला ठाऊक असतं. ‘लशीनेच फ्लू होतो’ म्हणणाऱ्याला तिथेच सांगता येतं की टोचायच्या लशीतला विषाणू निष्क्रिय असतो. दंड दुखेल, कदाचित कणकण येईल, फ्लू होणार नाही. ‘गेल्या वर्षी घेतली की’ यालाही उत्तर आहे: विषाणू रूप पालटतो, म्हणून जागतिक आरोग्य संघटना दर फेब्रुवारीत उत्तर गोलार्धातल्या पुढच्या हिवाळ्यासाठी लशीतले प्रकार सुचवते.

आपल्याकडचा केमिस्ट डॉक्टरांच्या चिठ्ठीवर लस देतो, टोचत नाही. आपल्याकडे फ्लूचा हंगामही वेगळा: स्वाइन फ्लूचा देशातला पहिला बळी ऑगस्ट 2009 मध्ये पुण्यात गेला, तो ऐन पावसाळ्यात. महाराष्ट्रात फ्लू हिवाळ्याइतकाच पावसातही डोकं वर काढतो. तेव्हा शुगर-बीपीच्या गोळ्या न्यायला आलेल्या आजोबांना मे महिन्यातच लशीची आठवण करून देणं, डॉक्टरांना विचारायला सांगणं, आणि चिठ्ठी आली की लस बर्फाच्या पिशवीसोबत दवाखान्यापर्यंत थंडच पोचेल हे पाहणं, एवढं तर इथल्या काउंटरवरूनही करता येतं.