धुराची साक्ष

माळशेज घाट चढून कल्याण–नगर रस्त्याने यावे, मढ आणि ओतूर मागे टाकावे, की पिंपरी पेंढार येते. कार्ब्युरेटरच्या काळात पेट्रोल जास्त पिणारी गाडी इथल्या गॅरेजात आली, तर मिस्त्री आधी प्लग काढी. टोक काजळीने काळे असले की ‘मिक्श्चर रिच झालंय’ हा निवाडा ठरलेला. एक स्क्रू पाव फेरा फिरवला की गाडी पुन्हा रस्त्याला लागे. इंजेक्शनच्या गाडीला तो स्क्रूच नाही. मिस्त्री स्कॅनर जोडतो आणि त्यावर ‘पी ०१७२’ असा कोड उमटतो. त्याचा अर्थ, मिश्रणात पेट्रोल जास्त. इंजिनाने आपल्या चुकीची अशी कबुली स्वतःच द्यावी, यासाठी अभियंत्यांना अनेक पराभव पचवावे लागले.

एक किलो पेट्रोल नीट जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. हवा कमी पडली की उरलेले पेट्रोल अर्धवट जळते, धूर काळा होतो, प्लग काजळतात. घाटाखालची दाट हवा आणि घाटावरची विरळ हवा यांत कार्ब्युरेटरला पुरेसा भेद करता येत नसे. तो दोष जाईल या आशेने पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्शनकडे पाहिले गेले.

१९५४ च्या फेब्रुवारीत मर्सिडीझने न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात ३०० एसएल ही स्पोर्ट्‌स कार मांडली. दारे पंखांसारखी वर उघडत, आणि बॉश कंपनीचा यांत्रिक पंप पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारी. रसिक हरखले. पण या पंपाची एक खोड लवकरच उघड झाली. चावी बंद केली तरी इंजिनाचे फेरे थांबेपर्यंत तो पेट्रोल सोडतच राही. ते न जळलेले पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचे ऑइल धुऊन खाली उतरे आणि तळातले ऑइल पातळ करी. देखण्या गाडीच्या मालकांना ऑइल वारंवार बदलावे लागे.

यंत्राला जे उमगत नाही ते विजेला उमगेल, असे अमेरिकेतील बेंडिक्स कंपनीला वाटले. तिच्या ‘इलेक्ट्रोजेक्टर’मध्ये पेट्रोलची झडप विजेने उघडे आणि ती किती वेळ उघडी ठेवायची हे एक इलेक्ट्रॉनिक पेटी ठरवी. १९५८ साली क्रायस्लरने ती जेमतेम तीन डझन गाड्यांत बसवली. कल्पना अचूक होती, सुटे भाग मात्र त्या काळचे होते. बॉनेटखालच्या उष्णतेत आणि दमटपणात पेटीतले मेणकागदाचे कपॅसिटर टिकेनात. गाड्या परत आल्या, त्यांतल्या बहुतेकांवर मुकाट्याने कार्ब्युरेटर चढले, आणि पेटंटे बॉशकडे गेली.

बॉशने त्याच कल्पनेला ट्रान्झिस्टरचे बळ दिले. १९६७ मध्ये फोक्सवॅगन १६०० वर ‘डी-जेट्रॉनिक’ आले. पुढे पोर्शे ९१४ आणि व्होल्वो १८०० ई यांसारख्या गाड्यांनी ते स्वीकारले. आत शिरणाऱ्या हवेचा दाब, इंजिनाचे तापमान आणि फेरे यांवरून ते पेट्रोलचा हिशेब मांडी. हिशेब चोख होता, पण तो केवळ अंदाज होता. दाब मोजणाऱ्या भागातील पातळ पडद्याला बारीक तडा गेला, की पेटीला वाटे इंजिनावर मोठा भार आहे, आणि ती पेट्रोल वाढवी. तापमापकाची तार तुटली तर त्याहून मोठी गंमत होई. तार तुटली म्हणजे विजेला होणारा रोध अमर्याद, आणि या पेटीच्या लेखी जास्त रोध म्हणजे कडाक्याची थंडी. मग भर उन्हात तापलेल्या इंजिनाला ती गोठलेले समजून पेट्रोल पाजत राही. मागे काळा धूर निघत असला तरी त्याची वार्ता पेटीपर्यंत पोचण्याचा मार्गच नव्हता.

खरे पाहता उत्तर तिथेच होते. आत काय गेले याचा तर्क करण्याऐवजी बाहेर काय आले हे पाहायचे. धुरात प्राणवायू उरला असेल तर पेट्रोल कमी, तो जवळपास नाहीसा झाला असेल तर पेट्रोल जास्त. पण शेकडो अंशांच्या त्या आगीत उभे राहून साक्ष देणारा साक्षीदार आणायचा कुठून?

तो साक्षीदार पूर्वीच जन्माला आला होता, दिव्याच्या रूपाने. जर्मनीतील ग्योटिंगेन येथे वाल्थर नेर्न्स्ट या रसायनशास्त्रज्ञाने १८९७ च्या सुमारास झिर्कोनियाच्या भुकटीत थोडा इट्रियम ऑक्साइड मिसळून एक कांडी घडवली. थंड असताना तिच्यातून वीज जात नसे. तापवली की ती वाहू लागे आणि कांडी लखलखीत उजळे. एईजी कंपनीने या दिव्याचे हक्क दहा लाख मार्कांना घेतले, असे सांगतात. पेटण्यापूर्वी तापवावा लागणारा हा दिवा टंगस्टनच्या तारेपुढे टिकला नाही. नेर्न्स्ट मोटारवेडा होता. चढ चढताना जोर यावा म्हणून इंजिनात नायट्रस ऑक्साइड सोडण्याचा खटाटोपही त्याने केला म्हणतात. आपल्या विझलेल्या दिव्याचे द्रव्य एक दिवस मोटारीच्या धुरात उभे राहील, हे मात्र त्याच्या ध्यानीमनी नसावे.

तापलेल्या झिर्कोनियातून वीज वाहते ती प्राणवायूच्या आयनांमुळे. एका बाजूला मोकळी हवा आणि दुसऱ्या बाजूला धूर ठेवला, तर दोन्हीकडच्या प्राणवायूतील तफावत व्होल्टेज होऊन प्रकटते. त्याचे गणित नेर्न्स्टने १८८९ मध्येच मांडले होते. १९६० च्या दशकाच्या अखेरीस बॉशच्या अभियंत्यांनी हा धागा उचलला. शिंपी बोटात घालतो त्या टोपीएवढी झिर्कोनियाची टोपी, तिच्यावर प्लॅटिनमचा सच्छिद्र लेप. आणि तिच्या आलेखात या कथेचा कळस आहे. मिश्रण हळूहळू बदलत नेले तरी व्होल्टेज हळूहळू बदलत नव्हते. पेट्रोल कमी असताना ते ०.१ व्होल्टच्या आसपास रेंगाळे आणि नेमके योग्य प्रमाण ओलांडताच कड्यासारखे ०.९ कडे झेपावे. मोजपट्टी हवी असलेल्याला ही उणीव वाटावी. पण ज्याला एवढेच विचारायचे आहे की ‘जास्त की कमी?’, त्याला याहून स्पष्ट उत्तर कोण देणार! जास्त म्हटले की पेटीने पेट्रोल घटवायचे, कमी म्हटले की वाढवायचे. त्या कड्यावर क्षणोक्षणी मागेपुढे होत इंजिन बरोबर जागी राहते.

त्यानंतरची वाट सोपी नव्हती. सुमारे ३०० अंशांखाली टोपी मुकी, काजळी आणि हादरे सततचे. १९७६ मध्ये व्होल्वोने कॅलिफोर्नियातील २४० मालिकेच्या गाड्यांत ‘लॅम्डा-सॉन्ड’ नावाने हा सेन्सर आणला, तेव्हाही दर १५,००० मैलांनी तो बदलायला सांगितले जाई. सर्वांत मोठा वैरी पेट्रोलमध्येच दडला होता. इंजिनाची धडधड रोखण्यासाठी त्यात मिसळलेले शिसे प्लॅटिनमला निकामी करी. आपल्याकडे शिसेविरहित पेट्रोल १९९५ मध्ये चार महानगरांत आले, तर देशभर २००० मध्ये. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ लागू झाले आणि धूर हुंगणारा हा सेन्सर नव्या दुचाक्यांवरही नेहमीचा झाला.

जुन्या डी-जेट्रॉनिक गाड्यांना तो अजूनही नाही. त्यांचे जाणकार दुरुस्तीपुरता लॅम्डा सेन्सर धुराच्या नळीत खुपसतात. त्याला जोडलेला काटा ‘जास्त’ म्हणतो, पण का ते सांगत नाही, आणि खरी शोधाशोध तिथून सुरू होते. पेट्रोलचा दाब, थंडीत चालू होणारा जास्तीचा इंजेक्टर गळतो का, दाबाच्या सेन्सरचा पडदा असे एकेक संशयित तपासले जातात. शहाणा मिस्त्री मात्र महागड्या पेटीला हात लावण्याआधी मीटर काढतो आणि तापमापकाची ती दोन रुपयांची तार तपासतो.