खिशातला कॅमेरा : काय उघडं, काय बंद

२०१० च्या उत्तरार्धात सोनीचा ‘ब्लॉगी टच’ आणि कोडॅकचा ‘प्लेटच’ हे दोन कॅमेरे थोड्याच अंतराने अमेरिकेच्या बाजारात आले. जाहिराती शेजारी शेजारी ठेवल्या तर दोन्ही जुळे भाऊच वाटावेत. दोन्ही शर्टाच्या खिशात मावणारे आणि १०८०पी चित्रण करणारे. दोघांनाही तीन इंची टचस्क्रीन आणि शरीरातून बाहेर निघणारी यूएसबी पिन. किंमत दोनशे डॉलरच्या आगेमागे. तरीही दोन्ही कंपन्यांचे विचार परस्परविरुद्ध होते. खिशातला कॅमेरा कसा पारखावा हे शिकायला आजही मला ही जोडी सगळ्यांत उपयोगी वाटते.

या जातीच्या कॅमेऱ्याची सुरुवात टचस्क्रीनशिवाय झाली. सॅन फ्रान्सिस्कोच्या प्युअर डिजिटल कंपनीने आधी औषधांच्या दुकानांतून एकदाच वापरायचा व्हिडिओ कॅमेरा विकला. चित्रण झालं की कॅमेरा दुकानात परत द्यायचा आणि डीव्हीडी घ्यायची. त्याच कल्पनेतून २००७ मध्ये ‘फ्लिप’ आला. एक मोठं लाल बटण, मोजकीच इतर बटणं आणि संगणकात थेट खुपसायची पिन, एवढाच त्याचा कारभार. ज्यांनी कधी हँडीकॅम हातात धरला नव्हता अशी माणसं त्याच्यामुळे चित्रण करू लागली. सिस्को कंपनीने २००९ मध्ये सुमारे ५९ कोटी डॉलरच्या शेअरांच्या मोबदल्यात ही कंपनी घेतली आणि एप्रिल २०११ मध्ये फ्लिपचा धंदा बंद करून टाकला. मधल्या काळात फोन व्हिडिओ काढू लागले होते. आयफोनमध्ये ही सोय २००९ च्या जूनमध्ये, थ्रीजीएसपासून आली.

फोनला टक्कर द्यायची तर फोनसारखा पडदा हवा, म्हणून टचस्क्रीन आली. आता त्या दोघांकडे वळू. सोनीने सगळं आत कोंडलं. मेमरी आतलीच, चार किंवा आठ जीबी. ती भरली की रिकामी करायला संगणक गाठायचा. बॅटरीही आतलीच. बाहेरचा माइक लावायला जागा नाही. त्याऐवजी ऑटोफोकस, स्थिर फोटोंसाठी १२.८ मेगापिक्सेल आणि गुळगुळीत पडदा दिला. कोडॅकने मात्र दारं उघडी ठेवली. एसडी कार्ड बदला, बॅटरी काढून दुसरी घाला, माइक जोडा. चित्रणाची नको असलेली टोकं कॅमेऱ्यातच बोटाने कापायची सोयही होती.

दुकानात उभ्या उभ्या हाताळणाऱ्याला सोनीचा कॅमेरा आवडला तर नवल नाही. मी मात्र कोडॅकच्या बाजूने आहे, आणि त्याचं मुख्य कारण आवाज.

चित्र थोडं मऊ आलं तरी माणूस ते पाहतो, पण आवाज फाटला की बंद करतो. या छोट्या कॅमेऱ्यांतला माइक शेंगदाण्याएवढाही नसतो आणि त्याची पातळी यंत्र आपोआप ठरवतं. शांतता असली की ते पातळी वाढवतं आणि सूं सूं ऐकू येतं. मोठा आवाज झाला की एकदम खाली आणतं. कीर्तनात पखवाजावर जोरात थाप पडली की पुढचे दोन-तीन शब्द दबून जातात ते यामुळेच. ढोल-ताशा पथकासमोर तर माइकची सहनशक्तीच संपते, आणि एकदा फाटलेला आवाज नंतर पुरता सांधता येत नाही. कोकण किनाऱ्यावरचा वारा हा आणखी एक शत्रू. बुवांच्या उपरण्याला लावलेला साधा कॉलर माइक यातलं बरंच संकट टाळतो. माइकचं भोक नसेल तर हा मार्गच खुंटला.

चित्राच्या बाबतीत दोघांच्या मर्यादा सारख्याच होत्या. झूम डिजिटल, म्हणजे चित्राचा मधला तुकडा ताणून मोठा केलेला. त्याच्या नादी न लागता दोन पावलं पुढे जावं. सेन्सर चित्र एका दमात न वाचता ओळीओळीने वाचतो, म्हणून धावत्या गाडीच्या खिडकीतून विजेचे खांब तिरके दिसतात. भर उन्हात पडदा दिसेनासा होतो, आणि चित्रण चालू असताना त्यावर बोट टेकलं की चित्र हलतं.

एक गोष्ट आपल्याकडे अनेकांना छळते. आपली वीज ५० हर्ट्झची, अमेरिकेची ६० हर्ट्झची. जुनी ट्यूबलाइट आपल्याकडे सेकंदाला शंभर वेळा मंदावते, आणि काही एलईडी दिवेही तसेच वागतात. सेकंदाला तीस फ्रेम घेणारा, अमेरिकी विजेच्या हिशेबाने बेतलेला कॅमेरा मंगल कार्यालयात नेला की चित्रात सरकते पट्टे दिसू शकतात. कॅमेऱ्यात ५० हर्ट्झची निवड किंवा शटर १/५० अथवा १/१०० ठेवण्याची सोय असेल तर हा त्रास जातो. घेण्यापूर्वी एवढं जरूर विचारावं.

कोडॅकने जानेवारी २०१२ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला आणि पुढच्याच महिन्यात कॅमेऱ्यांचा धंदा सोडत असल्याचं जाहीर केलं. ही जात संपली असंच तेव्हा वाटलं. पण शेन्झेनच्या डीजेआय कंपनीने २०१८ मध्ये ‘ऑस्मो पॉकेट’ आणला आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याची तिसरी आवृत्ती. एक इंची वर्गाचा सेन्सर, दोन इंची टचस्क्रीन, वजन १७९ ग्रॅम. पडदा आडवा फिरवला की कॅमेरा चालू होतो. लेन्स तीन अक्षांवर फिरणाऱ्या मोटरींवर बसवलेली असल्याने चालताना हात हलला तरी चित्र तरंगत राहतं. साधा फोन हे काम अशा रीतीने करू शकत नाही, म्हणून याला फोनशेजारी जागा मिळाली. बिनतारी माइक जोडता येतो, मायक्रोएसडी कार्ड बदलता येतं. बॅटरी मात्र आत बंद आहे, आणि पाण्यापासून संरक्षण नाही. पंढरीच्या वाटेवर पावसात तो उघडा काढू नये आणि लांबच्या कार्यक्रमाला पॉवर बँक विसरू नये.

घरात जुना खिशातला कॅमेरा पडून असेल तर त्यातलं चित्रण लवकरात लवकर उतरवून घ्या. कार्डाचा असेल तर कॅमेरा मेला तरी कार्ड रीडरमध्ये घालून फायली मिळण्याची आशा असते. आतल्या मेमरीचा असेल तर तो चालू होतोय तोवरच हे काम सोपं आहे. कव्हर फुगलेलं दिसलं, तर चार्जिंगला लावू नका. बॅटरी फुगलेली असते. तो थेट दुरुस्ती करणाऱ्याकडे न्या, आणि बॅटरी काढायच्या आधी त्याला सांगा की आतल्या फायली हव्या आहेत.