घरात मांजर आले, कुत्रा बावरला

सुगी आटोपून भाताची पोती घरात आली, की त्यांच्या मागोमाग उंदीर येतात. मग कोणाच्या तरी घरून मांजराचे पिल्लू आणण्याची गोष्ट निघते, आणि आमच्या मते ती योग्यच आहे. उंदीर धान्य खातात तेवढ्यावर भागत नाही. त्यांच्या लघवीवाटे लेप्टोस्पायरोसिस हा ताप पसरतो व पावसाळ्यात भाताच्या चिखलात अनवाणी राबणाऱ्याला त्याची भीती अधिक. झिंक फॉस्फाईडचे विष ठेवावे, तर ते उंदराबरोबर कोंबडीच्या, कुत्र्याच्या, क्वचित पोराच्याही तोंडात जायचे. मोठ्या घुशीपुढे मांजर हात टेकते हे खरे, परंतु माळ्यावरच्या बारक्या उंदरांना ते पुरे पडते.

पण पिल्लू येते त्या घरात राखणीचा कुत्रा आधीच असतो. मांजरावर धावून जाणाऱ्या कुत्र्याबद्दल सगळेच सावध असतात. भित्र्या कुत्र्याकडे मात्र कोणी पाहत नाही. उलट सोप्यात बसून सगळे हसतात, की एवढा दांडगा कुत्रा आणि वीतभर पिल्लाला घाबरतो! चार दिवसांनी तोच कुत्रा खाणे सोडतो, परड्याच्या टोकाला जाऊन बसतो, नाहीतर एके दिवशी अचानक पिल्लाला कडाडून चावतो. घाबरलेले जनावर पळायला वाट मिळाली नाही की चावते, आणि त्याचा एक चावा वीतभर पिल्लाला जीवघेणा ठरतो.

कुत्रा भित्रा का होतो, हे आधी समजून घेतले पाहिजे. कुत्र्याचे पिल्लू साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या आठवड्यापर्यंत जे पाहते, हुंगते, त्याला ते पुढे आपले मानते. ते आठवडे मळ्यातल्या खोपीत एकट्याने गेले, तर त्याला माणसांचा गलबला, मांजर, मोटारसायकल, सारेच परके वाटते. काही कुत्री मुळातच बुजरी असतात, तर काहींना पोरांचे दगड नाहीतर फेस्ताचे फटाके पुरतात. मारून किंवा बळेच पिल्लासमोर ओढून कुत्रा धीट होत नाही. पिल्लू दिसले की मार बसतो, एवढेच तो शिकतो.

आता पिल्लाची बाजू. त्याच्या लेखी खेळ म्हणजे शिकारीची तालीम. जे हलते त्यावर झडप घालायची, जे पळते त्याच्या मागे लागायचे. कुत्र्याची शेपटी हलते, म्हणून ती धरायची. कुत्रा घाबरून पळाला, की पिल्लाला वाटते खेळाला रंग चढला. अशा रीतीने कुत्र्याचे पळणेच पिल्लाला चेव आणते. त्यात आईपासून लवकर तोडलेले पिल्लू अधिक दांडगट निघते. भावंडांशी खेळताना जोराने चावले की उलट चावा मिळतो, आणि दात किती रुतवावेत हे पिल्लू त्यातूनच शिकते. म्हणून आठ आठवड्यांच्या आत पिल्लू आणू नये. देणाऱ्याची तयारी असेल तर दोन आणावीत, असे आम्ही सुचवू. ती एकमेकांशी झोंबून दमतात आणि कुत्र्याची सुटका होते.

पहिला आठवडाभर दोघांची दृष्टभेटही नको. पिल्लाला एका खोलीत ठेवावे, शक्य तर पोती असलेल्या. कुत्र्याच्या अंथरुणातले गोणपाट तिथे टाकावे आणि पिल्लाखालचे फडके कुत्र्याच्या जागेपासून हातभर दूर ठेवावे. कुत्र्याला जग नाकाने कळते; वास ओळखीचा झाला म्हणजे निम्मे काम झाले. मग बंद दाराच्या एका बाजूला कुत्र्याचे जेवण व दुसऱ्या बाजूला पिल्लाचे ठेवावे. कुत्रा दाराजवळ खायला बिचकत असेल तर थाळी मागे सरकवावी आणि रोज वीतभर पुढे आणावी. घाई करू नये.

समोरासमोर भेटीसाठी वेळ निवडावी लागते. मांजराचे पिल्लू दिवसाचा बराच काळ झोपते आणि पहाटे व दिवेलागणीला उधळते. त्या वेळी एखाद्या मुलाने दोरीला चिंधी बांधून त्याला दहा-पंधरा मिनिटे पळवावे, मग खायला घालावे. दमलेले, पोट भरलेले पिल्लू कुत्र्यासमोर आणावे. ते हातात घट्ट धरून कुत्र्याच्या नाकाला लावू नये. कुत्र्याजवळ घरातले त्याच्या सवयीचे माणूस असावे, दार उघडे असावे, आणि कुत्र्याने पिल्लाकडे बघून मान वळवली की सुक्या मासळीचा तुकडा नाहीतर भाकरीचा घास द्यावा. दोन मिनिटे पुरेत. कुत्रा उठून निघाला तर जाऊ द्यावे, आणि मागे धावणाऱ्या पिल्लाला अडवावे.

कुत्रा काय म्हणतो ते त्याच्या अंगावर दिसते. शेपटी पोटाखाली, कान मागे, भूक नसता ओठ चाटणे, झोप नसता जांभई, डोळ्याच्या कडेला पांढरे दिसणे, या खुणा दिसल्या की भेट संपवावी. कुत्रा गुरगुरला तर त्याला मारू नये. गुरगुरणे ही सूचना आहे; ती मारून बंद केली, तर पुढच्या वेळी सूचना न देता दात लागतील. अंग ताठ करून, डोळा न हलवता पिल्लाकडे रोखून पाहणारा कुत्रा मात्र वेगळा. ती भीती नसून शिकारीची नजर असू शकते, आणि अशा कुत्र्यापाशी पिल्लू मोकळे सोडू नये.

साखळीबद्दल आम्हाला जरा कडक बोलावे लागेल. आपल्याकडे कितीतरी कुत्री दिवसभर दाव्याला असतात. बांधलेल्या भित्र्या कुत्र्याला पळता येत नाही आणि पिल्लू त्याच्या टप्प्यात येऊन खेळते. याहून वाईट मांडणी नाही. बांधायचेच असेल तर ती जागा पिल्लाला पोचता येणार नाही अशी असावी. दोघांची थाळी वेगळी, आणि पिल्लाची उंचावर ठेवावी. सगळे घर मिसाला गेले असता दोघांना एकत्र ठेवू नये. काही जोड्या दोन-तीन आठवड्यांत रुळतात, काहींना महिने लागतात. काही कधीच एका गोणपाटावर झोपत नाहीत, आणि त्यात बिघडत काही नाही.

एक गोष्ट फार घरांत ठाऊक नसते. गुरांच्या व कुत्र्यांच्या गोचिडांवर लावायच्या काही औषधांत परमेथ्रिन किंवा डेल्टामेथ्रिन असते. मांजराच्या शरीराला ते पचवता येत नाही. परमेथ्रिनने तर मांजरे झटके येऊन मरतात. कुत्र्याला औषध लावून तो ओला असताना पिल्लू त्याला बिलगले, तरी धोका आहे. पूर्ण वाळेपर्यंत, आणि डॉक्टर सांगतील तितके दिवस, दोघांना दूर ठेवावे. फिनाईलने पुसलेल्या जमिनीवर पिल्लू चालते आणि मग पंजे चाटते, तेही घातक. तापाची पॅरासिटामॉलची गोळी मांजराला कधीच देऊ नये.

खेळताना पिल्लाचे नख कुत्र्याच्या डोळ्याला लागले आणि डोळा मिटलेला किंवा निळसर धुरकट दिसला, तर त्याच दिवशी गुरांच्या दवाखान्यात न्यावे. घरातले मलम घालू नये.

रेबीजची लस कुत्र्याला देतात. मांजरालाही तिसऱ्या महिन्यात द्यावी लागते, हे पुष्कळ जण विसरतात. पुढचे डोस डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे. मांजरापासूनही हा रोग माणसाला होतो. गोव्यात वर्षानुवर्षे कुत्र्यांना लस टोचण्याची मोहीम चालली आणि २०२१ साली ते राज्य रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाले. लशीने काय साधते ते यावरून दिसते. दोघांना सोडवताना आपल्याला चावा किंवा ओरखडा बसला, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. हळद, चुना, मिरची लावू नये. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जावे आणि सांगितलेली सर्व इंजेक्शने पुरी करावीत.

पिल्लू मादी असेल, तर चौथ्या-पाचव्या महिन्यातच ती माजावर येऊ शकते आणि सुमारे नऊ आठवड्यांत विते. पिल्ले झालेली मांजरी कुत्र्याला उंबऱ्याजवळ फिरकू देत नाही, आणि आपला भित्रा मोत्या पुन्हा परड्याच्या टोकाला जाऊन बसायचा. तेव्हा लस टोचायला न्याल त्याच दिवशी शस्त्रक्रियेबद्दलही डॉक्टरांना विचारून ठेवावे.