वास्तुशांति आणि दोन श्वान

नवें घर म्हटलें कीं आपल्याकडे प्रथम मुहूर्त पाहतात, मग वास्तुशांति करितात, मग आप्तेष्टांस जेवावयास बोलावितात. आणि हें सर्व यथासांग पार पडलें म्हणजे घर आपलें झालें असें समजतात. आम्हीही गेल्या वैशाखांत असेंच समजलों. परंतु घर आपलें होणें ही गोष्ट इतकी सोपी नाहीं, हें आम्हांस आमच्याच कुटुंबांतील दोन मुक्या प्राण्यांनीं शिकविलें. छत्तीस वर्षें शाळेंत मुलांस शिकविण्यांत घालविल्यावर, साठी उलटून गेल्यानंतर, कुत्र्यांपाशीं धडा घेण्याचा प्रसंग यावा याची थोडी मौज वाटते. पण धडा खरा होता, म्हणून तो वाचकांपुढें मांडीत आहों.

आमचा वाडा पुण्यास नारायण पेठेंत होता. दोन चौकांचा, विहिरीचा आणि पुढें ऐसपैस ओटीचा. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटून मुठेस पूर आला, तेव्हां आम्ही दोन वर्षांचे होतों. त्या दिवशीं वाड्यांत पुरुषभर पाणी चढलें, मागच्या चौकाची भिंत गेली, पण वाडा उभा राहिला. पुराला जें साधलें नाहीं तें काळानें साधलें. वासे कुजले, भिंतींस भेगा गेल्या, पालिकेची नोटीस आली, आणि अखेर सर्व भागीदारांच्या संमतीनें वाडा बांधकाम करणाऱ्यांच्या स्वाधीन झाला. आम्ही व आमचे धाकटे बंधु यांनीं कोथरुडास एकाच इमारतींत दोन बिऱ्हाडें घेतलीं. आमचें दुसऱ्या मजल्यावर, त्यांचें पांचव्या.

वाटणी सलोख्यानें झाली. देव्हारा आमच्याकडे आला, वडिलांची टेबलखुर्ची बंधूंकडे गेली. तांब्यापितळेचीं भांडीं सुनांनीं आपसांत हंसतखेळत वाटून घेतलीं. मातुःश्रींचें वय आज ८८ वर्षांचें आहे. त्यांनीं सहा महिने वर व सहा महिने खालीं राहावें असें ठरलें. उरलीं दोन कुत्रीं. बंधु म्हणाले, "दादा, मोत्या तुमच्या पायांशीं बसणारा. तो तुम्ही घ्या. खंड्याला मुलें सोडणार नाहींत, तो आमच्याकडे राहूं द्या." आम्हांस तें न्याय्य वाटलें. अकरा वर्षांचा मोत्या आणि तीन वर्षांचा खंड्या हे दोघेही कुळाशीलाचे नव्हेत. एक पावसांत जिन्याखालीं सांपडलेला पांढरा, दुसरा भाजीबाजारांतून पुतण्यानें उचलून आणिलेला बांडा. खंड्या आल्या दिवसापासून मोत्याच्या पाठीस पाठ लावून निजत असे. वाटणीच्या वेळीं ही गोष्ट कोणाच्याही ध्यानांत आली नाहीं.

आमच्या हातून पहिली चूक झाली ती गृहप्रवेशाच्या दिवशींच. होमाची गडबड, पाहुण्यांची वर्दळ, म्हणून दोघांसही खालीं मोटारी ठेवण्याच्या जागेंत बांधून ठेविलें. आयुष्यांत कधीं साखळी न पाहिलेल्या त्या प्राण्यांनीं परक्या ठिकाणीं, परक्या माणसांत, धुराच्या वासांत पांच तास काढले. दुसरी चूक आमच्या सूनबाईंची. पण तीही प्रेमापोटीं झालेली. नव्या घरांत जुनें कशाला, म्हणून मोत्याचें गोणपाट आणि त्यावरील फाटकी सतरंजी तिनें वाड्यांतच टाकून दिली व बाजारांतून नवी गादी आणिली. मोत्यानें त्या गादीस नाक लाविलें आणि उघड्या फरशीवर जाऊन निजला.

पुढें पशुवैद्यांनीं समजावून सांगितलें तेव्हां यांतील मर्म कळलें. मनुष्य घर डोळ्यांनीं ओळखतो, श्वान नाकानें ओळखतो. मनुष्याच्या नाकांत गंध ग्रहण करणाऱ्या पेशी पन्नास-साठ लाख, तर श्वानाच्या नाकांत जातीपरत्वें दहा कोटींपासून तीस कोटींपर्यंत असतात. आपल्या कानास सेकंदास सुमारें वीस हजार कंपनांपर्यंतचा आवाज कळतो, त्याच्या कानास पंचेचाळीस हजारांपर्यंतचा. म्हणजे आपणांस जी खोली नुसती नव्या रंगाची वाटते ती त्यास असह्य वासाची वाटते, आणि जी लिफ्ट आपणांस निःशब्द वाटते ती त्याच्या कानीं किंचाळत असेल. अशा ठिकाणीं आपल्या अंगाचा वास असलेली फाटकी सतरंजी हीच त्याची ओळखीची भूमि. तीच आम्हीं फेंकून दिली होती.

दिवस जाऊं लागले. मोत्या खालीं, खंड्या वर. खंड्या रात्रीं रडे. मोत्या रडत नसे, पण अन्नास तोंड लावीना. चौथ्या मजल्यावरील एका गृहस्थांनीं समितीकडे तक्रार केली. पुतण्या तरुण आणि वाचनाचा शौकीन. तो कायदा घेऊन आला. १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्याप्रमाणें १९६२ सालीं भारतीय जीवजंतु कल्याण मंडळ स्थापन झालें, नृत्यकोविद रुक्मिणीदेवी अरुंडेल त्याच्या पहिल्या अध्यक्षा. आणि त्या मंडळानें २०१५ सालीं सूचना काढल्या कीं गृहसंस्थांनीं पाळीव कुत्र्यांवर सरसकट बंदी घालूं नये. आम्ही म्हटलें, "कायदा आपल्या बाजूस आहे हें बरेंच झालें, पण शेजाऱ्याकडे आधीं कायदा घेऊन जाऊं नये." आम्ही सौ.सह त्यांच्याकडे गेलों. घरांत बाराव्या दिवसाचें बाळ होतें आणि त्याच्या आईस चार रात्री झोंप नव्हती. तक्रार खोटी कशी म्हणावी? आम्हीं क्षमा मागितली, पण उपाय आम्हांस सुचला नव्हता.

नवव्या दिवशीं पहांटे आम्ही दूध घेण्यास दार उघडलें आणि पिशवी आंत ठेवावयास वळलों. तेवढ्यांत मोत्या गेला. दार आमच्याच हातून उघडें राहिलें होतें, हें येथें स्पष्ट लिहावयास पाहिजे. कारण त्या दिवशीं आम्हीं प्रत्येकास दोष देऊन पाहिला. दोन प्रहरपर्यंत सारी मंडळी गल्लोगल्लीं हिंडली. मुलें रडकुंडीस आलीं. अखेर आमच्या सात वर्षांच्या नातीनें विचारलें, "आजोबा, तो घरीं तर नसेल गेला?" 'घरीं' म्हणजे कोठें, हें कोणासही विचारावें लागलें नाहीं.

कोथरुडाहून नारायण पेठ दीड कोसाचा पल्ला. कर्वे रस्त्याची ती गर्दी, पुढें डेक्कन, मग लकडी पूल. त्या वाटेनें मोत्यास आम्हीं एकदांच, तेंही रिक्षांतून, आणिलें होतें. तरी तो तेथेंच होता. वाड्याभोंवतीं पत्रे ठोकले होते, माळवद उतरवून झालें होतें, आणि ओटीचा जोता तेवढा शिल्लक होता. त्या जोत्यावर, जेथें रोज सायंकाळीं आम्ही पंचांग घेऊन बसत असूं त्या जागेच्या बरोबर बाजूस, मोत्या पुढचे पाय पसरून बसला होता. पहारेकरी म्हणाला, "सकाळपासून आहे. हाकलला तरी जात नाहीं. पाणी ठेविलें तें प्याला."

वाचकहो, वाडा पाडावयास घेतल्यापासून आम्ही तिकडे फिरकलों नव्हतों. वेळ नाहीं असें आम्ही घरांत सांगत असूं. खरें कारण निराळें होतें. त्या दिवशीं आम्ही मोत्याशेजारीं जोत्यावर बसलों आणि बराच वेळ बसलों. आम्ही त्यास न्यावयास आलों होतों, पण उठण्याची इच्छा आम्हांसही होत नव्हती. हांक मारली, चुचकारलें, गळपट्ट्यास धरून ओढलें, तो हालेना. शेवटीं पुतण्या रिक्षा करून घरीं गेला आणि खंड्यास घेऊन आला. खंड्यानें उडी मारली, मोत्यास सगळीकडून हुंगलें, आणि शेंपटी हालवीत रिक्षाकडे चार पावलें जाऊन मागें वळून पाहूं लागला. मोत्या उठला. त्यानें जोता एकदां हुंगला आणि खंड्यामागून चालूं लागला.

कुत्रीं वाट कशी ओळखतात याचा शोध शास्त्रज्ञ घेत आहेत. झेक संशोधकांनीं २०२० सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत २७ शिकारी कुत्र्यांस मार्ग नोंदविणारीं यंत्रें बांधून रानांत सोडलें होतें. धन्याकडे परततांना जीं कुत्रीं नव्या वाटेनें आलीं, त्यांपैकीं पुष्कळ प्रथम सुमारें वीस मीटर उत्तर-दक्षिण रेषेंत धांवलीं आणि मग योग्य दिशेस वळलीं. पृथ्वीच्या चुंबकत्वाचा त्यांना उपयोग होत असावा, असा संशोधकांचा तर्क आहे. तो खरा असो वा नसो, मोत्यास दिशा ठाऊक होती एवढें खरें.

त्या रात्रीं दोन्हीं बिऱ्हाडांतील मंडळी आमच्या दिवाणखान्यांत जमली. मोत्या आणि खंड्या पाठीस पाठ लावून निजले होते. बंधु म्हणाले, "दादा, दोघांनाही तुमच्याकडेच ठेवा. वाटणी चुकली." तेव्हां मातुःश्री माळ थांबवून म्हणाल्या, "वाटणीच्या वेळीं त्याला कोणीं विचारलें नाहीं. मलाही नाहीं." एवढेंच बोलून त्यांनीं पुन्हां माळ ओढावयास घेतली. आम्हां दोघां भावांस मान वर करवेना. छत्तीस वर्षें हजेरी घेतली, पण घरांतील या नांवाची हजेरी घेण्याचें आमच्या मनांत आलें नाहीं.

दुसऱ्या दिवशीं बंधूंनीं मातुःश्रींस रीतसर विचारलें. त्या म्हणाल्या, "मी खालीं राहीन, कुत्र्यांजवळ. पण रात्रीचें पान सगळ्यांचें एका ठिकाणीं पडलें पाहिजे." तेव्हांपासून रात्रीचें जेवण एकत्र होतें, एक दिवस स्वयंपाक वर, एक दिवस खालीं, पण पंगत एकच. सोंवळ्याओंवळ्याचा प्रश्नही त्यांनींच सोडविला. वाड्यांत कुत्र्यांची सीमा ओटीपर्यंत होती; येथें ओटी कोठली आणि उंबरा कोठला? त्यांनीं स्वयंपाकघराच्या दारांत एक जुना पाट आडवा ठेविला. हा पाट वाड्यांतला. दोन्हीं कुत्रीं तो हुंगतात आणि अलीकडेच बसतात.

आतां ज्यांच्याकडे असा प्रसंग यावयाचा असेल त्यांच्यासाठीं अनुभवाच्या चार गोष्टी. कुत्र्याचें जुनें अंथरूण धुऊं नये. उलट तें आधीं नेऊन नव्या घरांत टाकावें. गृहप्रवेशाच्या गर्दींत त्यास बांधून न ठेवितां ओळखीच्या माणसाबरोबर शांत जागीं ठेवावें. दोन असतील तर ताटल्या दोन असाव्या, पण निजण्याची जागा एकमेकांच्या दृष्टीआड नसावी. जेवणाची व फिरण्याची वेळ जुन्या घरीं होती तीच ठेवावी. पहिले कांहीं आठवडे पट्ट्याशिवाय दाराबाहेर नेऊं नये आणि गळपट्ट्यांत दूरध्वनीचा आंकडा असलेला बिल्ला अडकवावा. लिफ्टची भीति असल्यास जिन्यानें न्यावें. आमच्याही गुडघ्यांस त्यानें अपाय झाला नाहीं.

खाण्याविषयीं विशेष सांगणें आहे. प्रसाद म्हणून शिऱ्यांतील बेदाणा प्रेमानें पुढें टाकण्याची आपली रीत आहे. परंतु द्राक्ष आणि बेदाणा यांनीं कुत्र्याचीं मूत्रपिंडें निकामी होऊं शकतात. कांदा-लसणानें त्याच्या रक्तांतील तांबड्या पेशी नाश पावतात, आणि चॉकोलेट तर त्यास विषच. पिसाळरोगाची लस तिसऱ्या महिन्यांत व पुढें पशुवैद्याच्या सल्ल्यानें दरसाल टोंचावी. लुई पाश्चर यांनीं १८८५ सालीं ही लस प्रथम मनुष्यास दिली. तरीही त्या रोगाचीं लक्षणें एकदां उमटलीं म्हणजे आजही तो बहुधा प्राणघातकच ठरतो. म्हणून कोणत्याही कुत्र्याचा दांत लागल्यास जखम साबणानें वाहत्या पाण्याखालीं पंधरा मिनिटें धुवावी आणि त्याच दिवशीं दवाखाना गांठावा. श्वानपालकांत एक ठोकताळा आहे : भीति जावयास तीन दिवस, रीत कळावयास तीन आठवडे, घर आपलें वाटावयास तीन महिने. आमच्या मोत्यास चार लागले. त्याचें वय पाहतां हा उशीर नव्हे.

चौथ्या मजल्यावरील बाळ आतां रांगूं लागलें आहे. कुत्रीं एकत्र निजूं लागल्यापासून रात्रीचें रडणें थांबलें आणि तक्रारही थांबली.

शेवटीं एक आठवण. वास्तुशांतींत गुरुजी वास्तोष्पतीच्या ज्या ऋचा म्हणतात त्या ऋग्वेदाच्या सातव्या मंडळांतील चौपन्नाव्या सूक्तांतील होत. त्याच्या लगतचें पंचावन्नावें सूक्त मात्र सहसा कोणाच्या ध्यानांत राहत नाहीं. तेंही वास्तोष्पतीपासूनच सुरू होतें आणि लगेच वळतें तें घराच्या कुत्र्याकडे, सरमेच्या पुत्राकडे. चोरावर धांव, पण आम्हांवर कां दांत विचकतोस, असें ऋषि त्यास म्हणतो आणि झोंपावयास सांगतो. मग आई, बाप, कुत्रा, घरधनी, सारे आप्त, अशी सगळ्यांनाच तो निद्रा मागतो. हें सूक्त आम्हीं तरुणपणीं पाठ केलें होतें, पण आईबापांच्या आणि घरधन्याच्या मध्यें कुत्र्याचें नांव कां आलें हें तेव्हां उमगलें नव्हतें. आतां रात्रीं दिवा मालवितांना आम्ही एकवार सगळीकडे दृष्टि टाकितों. मातुःश्रींच्या पलंगाखालीं दोघे पाठीस पाठ लावून निजलेले असतात, वरच्या मजल्यावरचीं मुलें कधीं कधीं येथेंच सतरंजीवर पसरलेलीं असतात. मग दाराची कडी लागली आहे ना, हें दोनदां पाहून आम्हीही आडवे होतों.