मानेवरील वस्तरा : कौशल्य कारागिराचे, दक्षता ग्राहकाची

एडवण, प्रतिनिधी

एखाद्याची चांगलीच खरडपट्टी काढली, की त्याची 'बिनपाण्याने' केली असे आपण सहज म्हणतो. हा वाक्प्रचार ज्या अनुभवातून आला तो मात्र आता फारसा कोणाच्या स्मरणात नाही. कोरड्या केसांवर वस्तरा फिरला, की वेदना होतात आणि त्या सर्वाधिक होतात मानेवर. गालावरची दाढी बहुतेकांना साधते. कारागिराची खरी परीक्षा हनुवटीच्या खाली सुरू होते.

पालघर तालुक्यातील एडवण हे सफाळे स्थानकाच्या पश्चिमेला असलेले समुद्रकाठचे गाव. ऊन, घाम आणि खारा वारा यांनी किनाऱ्यावर काम करणाऱ्यांची मान रापते आणि कोरडी पडते. अशा त्वचेवर वस्तरा अधिक जपून चालवावा लागतो. याच जिल्ह्यातील तारापूर औद्योगिक वसाहतीत रसायनांचे व औषधांचे अनेक कारखाने आहेत. विषारी वायूपासून संरक्षण करणारा घट्ट बसणारा मुखवटा ज्याला वापरावा लागतो, त्याच्या हनुवटीखाली दाढीचे खुंट राहिले तर मुखवट्याची कड त्वचेला चिकटत नाही व फटीतून वायू आत शिरू शकतो. अशा कामगारासाठी गुळगुळीत मान ही सुरक्षिततेची बाब ठरते.

मान अवघड का?

गालाखाली जबड्याचे हाड असल्याने तेथील त्वचा ताणलेली राहते. मानेवर तसा आधार नसतो. तेथील त्वचा पातळ आणि सैल असते व पात्यापुढे तिच्या घड्या पडतात. दुसरी अडचण केसांच्या दिशेची. गालावरचे केस बहुधा खालच्या दिशेने वाढतात. मानेवर मात्र ते कोठे वर, कोठे आडवे, तर जबड्याच्या कोनाखाली कित्येकदा भोवऱ्यासारखे वाढतात. त्यामुळे वरून खाली एकाच दिशेने हात मारला, तर मानेचा काही भाग नकळत उलटा ओढला जातो.

ही दिशा ओळखणे सोपे आहे. एक दिवसाच्या दाढीवरून बोटे फिरवावीत. ज्या बाजूने हात गुळगुळीत जातो ती केसांची दिशा आणि जेथे खुंट टोचतात ती उलटी. जाणता कारागीर फेस लावण्यापूर्वी हनुवटीखालून हात फिरवतो, तो याचसाठी.

पाणी, फेस आणि कोन

केस पाणी शोषून फुगतो व मऊ होतो. त्याला दोन-तीन मिनिटे मिळाली, तर तो कापण्यास लागणारा जोर बराच कमी होतो. म्हणून कोमट पाण्याचा हात आणि ब्रशने घोळवलेला फेस ही दाढीतील अर्धी कामगिरी होय. किनारपट्टीवर येथे एक स्थानिक अडचण येते. मचूळ पाण्यात साबणाचा फेस नीट होत नाही व झालेला लवकर विरतो. अशा ठिकाणी दाढीसाठी गोडे पाणी वेगळे ठेवणे हिताचे.

वस्तरा त्वचेशी साधारण तीस अंशांचा कोन करून धरतात. तो अधिक उभा झाला तर कातडीत रुततो. फार आडवा झाला तर केस कापण्याऐवजी ओढतो. मोकळ्या हाताने त्वचा ताणून धरावी आणि पाते लहान टप्प्यांत पुढे न्यावे. ते धारेच्या लांबीच्या दिशेने, म्हणजे सुरीसारखे, किंचितही सरकता कामा नये. खोल जखमा होतात त्या यामुळेच. कंठमण्यावरची त्वचा बोटाने बाजूला ओढून घेतात, किंवा ग्राहकाला आवंढा गिळायला सांगून तेवढ्यात हात उरकतात.

पहिला हात केसांच्या दिशेने, मग पुन्हा फेस लावून दुसरा हात आडवा, एवढ्यावर बहुतेकांनी थांबावे. उलटा हात घेतल्यास दाढी अधिक खोलवर होते. परंतु केस त्वचेच्या पातळीखाली कापला जातो, वाढताना वळून आतच रुततो आणि पुटकुळ्या उठतात. कुरळ्या केसांच्या व्यक्तींना हा त्रास अधिक होतो. मानेच्या मागील बाजूस वारंवार पुटकुळ्या येत असतील, तर तेथे वस्तरा लावू न देता यंत्रानेच केस कमी करून घ्यावेत.

धोका कोणता?

पूर्वी नाभिकाच्या धोपटीत कार्बन पोलादाचा वस्तरा असे. खाऱ्या हवेत तो लवकर गंजतो. म्हणून पुसून, तेलाचा हात देऊन आणि चामड्याच्या पट्ट्यावर घासून त्याला जपावे लागे. तथापि एकच पाते अनेकांच्या मानेवरून फिरे. आज बहुतेक सलूनमध्ये मूठ वस्तऱ्याचीच असते आणि तिच्यात अर्धे ब्लेड बसवलेले असते. ब्लेड वेष्टनातच ठेवून मधोमध मोडायचे, ही कारागिराची बोटे वाचवणारी युक्ती होय.

या बदलाला एड्सविषयीच्या जनजागृतीने मोठा हातभार लावला. वस्तुतः एचआयव्ही शरीराबाहेर फार काळ तग धरत नाही. वस्तऱ्यामुळे अधिक भय आहे ते हिपॅटायटिस बी या यकृताच्या विकाराचे. त्याचे विषाणू शरीराबाहेर किमान सात दिवस जिवंत राहू शकतात आणि रक्ताचा डोळ्यांना न दिसणारा अंशही संसर्गास पुरेसा होतो. या रोगावर लस आहे व ती आता बालकांच्या राष्ट्रीय लसीकरणात समाविष्ट आहे. परंतु आजच्या अनेक प्रौढांनी ती घेतलेली नाही. हिपॅटायटिस सी वर तर लसच उपलब्ध नाही.

नवे ब्लेड घेतले म्हणजे सारे झाले असेही नाही. दाढीनंतर फिरवला जाणारा तुरटीचा खडा सहसा दुर्लक्षित राहतो. तुरटी त्वचा आकुंचित करते व किरकोळ रक्तस्राव थांबवते. ती विषाणू मारील असा भरवसा मात्र धरता येत नाही. एकाच्या जखमेवरून फिरलेला खडा दुसऱ्याच्या मानेवर फिरणे म्हणजे जुनेच पाते पुन्हा वापरण्यासारखे आहे. तुरटीचे पाणी हातावर घेऊन लावणे, किंवा प्रत्येकासाठी वेगळा लहान तुकडा वापरणे हा सोपा उपाय. वस्तऱ्याची मूठही जंतुनाशकाच्या पाण्यात क्षणभर बुडवून शुद्ध होत नाही. ती आधी स्वच्छ धुवावी आणि मग जंतुनाशकात पुरेसा वेळ ठेवावी. वापरलेली ब्लेडे उकिरड्यावर न टाकता झाकणाच्या डब्यात साठवावीत, कारण त्यांनी कचरा उचलणाऱ्यांचे हात कापतात.

संकोच नको

लहान गावात अडचण ज्ञानाची नसते, संकोचाची असते. ज्याच्या वडिलांनी आपले जावळ काढले, त्याला 'दादा, ब्लेड नवे घाला' असे कसे म्हणायचे, हा प्रश्न अनेकांना पडतो. ब्लेडची किंमत दाढीच्या मजुरीच्या तुलनेत नगण्य आहे. शिवाय एखाद्या ग्राहकाचे रक्त पात्यावर आले, तर पहिला धोका ते हाताळणाऱ्या कारागिरालाच असतो. म्हणून नवे ब्लेड मागणे हा अविश्वास नव्हे. ग्राहकासमोर वेष्टन फोडण्याची सवय कारागिराने स्वतःच लावून घेतली, तर ते मागण्याची वेळही कोणावर येणार नाही.